स्ट्रेन दह्यातून मिळाला, पण पेटंट कशावर मागायचं?

प्रश्न: नाशिकजवळ आमची छोटी कंपनी आहे. घरगुती दह्यातून लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटेरम या जिवाणूचा एक स्ट्रेन (उपप्रकार) आम्ही वेगळा केला. तो मुरुमांशी संबंधित जिवाणूंची वाढ रोखतो. त्यावर फेस क्रीम आणि डिओडरंट काढायचा बेत आहे. स्ट्रेन पुण्याला ठेवला आहे, त्याचा क्रमांकही आहे. मुंबई पेटंट कार्यालयाकडून आता एफईआर (पहिला परीक्षण अहवाल) आला आहे आणि त्यात पेटंट कायद्याची कलमं ३(सी), ३(ई), ३(आय), ३(पी), इन्व्हेंटिव्ह स्टेप (कल्पकता), डिपॉझिट (स्ट्रेन मान्य संस्थेत जमा करणं) आणि एनबीए (राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण) अशा सगळ्याच हरकती आहेत. संरक्षणाच्या मागण्यांपैकी (क्लेम) आमचा क्लेम १ स्ट्रेनवर आहे, २ ते ६ कॉम्पोझिशनवर, ७ मुरुमांच्या उपचार पद्धतीवर आणि ८ स्ट्रेनच्या वापरावर. युरोपात असे स्ट्रेन मंजूर होतात, मग इथे का नाही? उत्तर कसं द्यावं?

उत्तर:

यादी लांबलचक दिसते, पण सूक्ष्मजीवांच्या अर्जावरच्या एफईआरमध्ये यातलं बहुतेक सगळं येतंच. एक्झामिनरने तुमच्यावर काही वेगळा राग धरलेला नाही. मात्र सगळ्या हरकतींचं वजन सारखं नसतं. तुमच्या अर्जाचा जीव दोन ठिकाणी अडकला आहे. एक, डिपॉझिट कधी आणि कुठल्या प्रकारचं झालं. दोन, अर्जातल्या तुमच्या प्रयोगांच्या उदाहरणांमध्ये नेमकं काय तपासलं गेलं. तुम्ही सगळी ताकद क्लेम १ वाचवण्यात घालवणार आहात असं पत्रावरून वाटतं. तो सोडून द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(सी) प्रमाणे निसर्गात असलेली सजीव किंवा निर्जीव वस्तू शोधून काढली, तर त्यावर पेटंट मिळत नाही. हे शब्द २००२ च्या दुरुस्तीने आले आणि २० मे २००३ पासून लागू झाले. त्याच दुरुस्तीने कलम ३(जे) आणलं. त्यात वनस्पती आणि प्राणी वगळले आहेत, पण सूक्ष्मजीवांना त्या वगळण्यातून बाहेर ठेवलं आहे. कित्येक उत्तरांत हा अपवाद पुढे करून 'बघा, सूक्ष्मजीवांना पेटंट आहेच' असं लिहिलेलं मी वाचतो. त्यातून ३(जे) ची अडचण नाही एवढंच सिद्ध होतं. ३(सी) जागच्या जागी राहतं. पेटंट कार्यालयाने मार्च २०१३ मध्ये जैवतंत्रज्ञानाच्या अर्जांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचाही रोख हाच आहे: निसर्गातून वेगळा केलेला जिवाणू ३(सी) मध्ये अडकतो. तो तुम्ही शुद्ध केला, वाढवला, त्याचा जीनोम वाचला, तरी जिवाणू दह्यात होता तोच.

युरोपचं म्हणाल, तर तिथला नियमच वेगळा आहे. १९९८ च्या बायोटेक डिरेक्टिव्हमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की नैसर्गिक वातावरणातून वेगळी केलेली जैविक सामग्री, ती आधी निसर्गात असली तरी, इन्व्हेन्शनचा विषय होऊ शकते. अमेरिकेचा दाखला द्यायचा मोह होईल तर जपून. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या चक्रवर्ती निकालात आनंद चक्रवर्तींच्या जिवाणूला पाच विरुद्ध चार मतांनी संरक्षण मिळालं, ते त्यांनी त्यात वेगवेगळे प्लाझ्मिड (डीएनएची छोटी वर्तुळं) घातले होते म्हणून. मानवी जीनबद्दलच्या २०१३ च्या मिरियड निकालानंतर नुसत्या नैसर्गिक आयसोलेटला (निसर्गातून वेगळ्या केलेल्या जिवाणूला) तिथेही जागा उरलेली नाही. म्हणजे हा दाखला तुमच्याच विरोधात जातो. आपल्याकडचा डिमिनाको निकालही (कलकत्ता उच्च न्यायालय, २००२) उत्तरांत सवयीने टाकला जातो. तो जिवंत लस बनवण्याच्या प्रक्रियेबद्दल होता. अंतिम उत्पादनात सजीव आहे म्हणून प्रक्रिया नाकारता येत नाही, एवढंच त्याचं सांगणं. प्रक्रियेचा क्लेम असता तर तो कामाला आला असता. क्लेम १ ला त्याचा उपयोग नाही.

स्ट्रेनमध्ये तुम्ही म्युटेशन घडवलं असतं, त्यामुळे गुणधर्म बदललेला दिसला असता आणि तो बदललेला स्ट्रेन वेगळा डिपॉझिट केला असता, तर गोष्ट वेगळी होती. आता ते करायचं तर नवा अर्ज करा. या अर्जात ते घुसवता येणार नाही.

आता डिपॉझिटकडे वळू. पुण्यात क्रमांक मिळाला हे पुरेसं नाही. बुडापेस्ट कराराखाली (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) आंतरराष्ट्रीय डिपॉझिटरीचा दर्जा असलेल्या संस्था आपल्याकडे आहेत: चंदीगडची एमटीसीसी २००२ पासून, पुण्याची एमसीसी (आताचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र) २०११ पासून, आणि कृषी सूक्ष्मजीवांसाठी उत्तर प्रदेशातल्या मऊची. पण पुण्याचीच संस्था सर्वसाधारण संग्रहासाठी, सुरक्षित साठवणीसाठी आणि बुडापेस्ट कराराखाली अशा वेगवेगळ्या खात्यांत कल्चर घेते. प्रत्येक खात्यात क्रमांक मिळतो. पेटंटला चालतो तो फक्त शेवटचा. फाइल उघडा आणि बीपी/४ नावाची पावती आणि बीपी/९ नावाचा जिवंतपणाचा दाखला आहे का ते बघा. नसतील आणि हातात फक्त साधं ॲक्सेशन पत्र असेल, तर आजच एजंटला फोन करा.

तारखेचंही तसंच. कलम १०(४) म्हणतं की डिपॉझिट भारतातल्या अर्जाच्या तारखेपर्यंत झालेलं हवं. नियम १३(८) प्रमाणे त्याचा उल्लेख स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या तपशीलवार वर्णनात) अर्जापासून तीन महिन्यांच्या आत यायला हवा. उल्लेख राहून गेला, तर निदान बोलायला जागा असते. डिपॉझिटच उशिरा झालं असेल, तर स्ट्रेनवर अवलंबून असलेलं सगळं ढासळतं, कारण त्या दिवशी तुमचं वर्णन वाचून कुणालाही तो जिवाणू मिळवता आला नसता. मध्यम आकाराच्या कंपन्यांमध्येही हे होतं. आर अँड डी म्हणतं 'कल्चर पाठवलंय', लीगल म्हणतं 'नंबर आला', आणि पावतीवरची तारीख अर्जानंतर तीन आठवड्यांची निघते.

स्पेसिफिकेशनमध्ये ओळख कशी पटवली आहे तेही पाहा. नुसत्या १६एस सीक्वेन्सवर (जिवाणू ओळखण्यासाठी वापरला जाणारा जीन) भागवलं असेल, तर प्लांटेरमच्या बाबतीत ते कच्चं आहे. प्लांटेरम, पेंटोसस आणि पॅराप्लांटेरम यांचे १६एस इतके सारखे असतात की त्यावरून प्रजातीच खात्रीने सांगता येत नाही, स्ट्रेन तर दूरच. त्यासाठी लोक रेकए जीन किंवा पूर्ण जीनोम बघतात.

नावांचा घोळ इथेच सांगून टाकतो. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस ही जुनी जात (जीनस) फोडून २३ नव्या जाती करण्यात आल्या. तुमचा प्लांटेरम लॅक्टिप्लांटिबॅसिलस झाला, ऱ्हॅम्नोसस लॅक्टिकेसिबॅसिलस झाला, रॉयटेरी लिमोसिलॅक्टोबॅसिलस झाला. मुरुमांच्या जिवाणूचं प्रोपिओनिबॅक्टेरियम हे नाव त्याआधीच २०१६ मध्ये बदलून क्युटिबॅक्टेरियम झालं होतं. तुम्ही अर्जाआधी फक्त नव्या नावांनी शोध घेतला असेल, तर बहुतेक सगळं प्रायर आर्ट (आधी प्रसिद्ध झालेलं ज्ञान) हातातून निसटलं. एक्झामिनर जुन्या नावाने शोधतो, आणि तुमच्या एफईआरमधला डी१ (हरकतीसाठी पुढे केलेला पहिला जुना दस्तऐवज) जुन्या नावाचाच असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

हे डी१ प्रकरणच इन्व्हेंटिव्ह स्टेपचा गाभा आहे. एक्झामिनर म्हणतो: त्याच प्रजातीचा दुसरा स्ट्रेन त्वचेच्या त्याच जिवाणूला रोखतो हे आधीच माहीत आहे, मग तुमच्यात नवीन काय? 'आमचा डिपॉझिट क्रमांक वेगळा आहे' हे त्याचं उत्तर होत नाही. क्रमांक वेगळा असला की स्ट्रेन नवा ठरेल, पण नवेपणा आणि कल्पकता या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. हवी आहे शेजारी शेजारी ठेवलेली तुलना: तुमचा स्ट्रेन, डी१ मधला किंवा त्याच्या जवळचा एखादा सहज मिळणारा टाइप स्ट्रेन (प्रजातीचा अधिकृत नमुना), तोच पदार्थ, तोच डोस, तीच चाचणी.

आता तुमची उदाहरणं. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात उदाहरण ३ म्हणजे आगर वेल डिफ्यूजन आहे. एमआरएस ब्रॉथमध्ये (अशा जिवाणूंच्या वाढीचं द्रव माध्यम) स्ट्रेन वाढवला, पेशी गाळून काढल्या, उरलेला सुपरनेटंट आगरमधल्या खळग्यात घातला आणि क्युटिबॅक्टेरियमभोवती तयार झालेलं रिकामं वर्तुळ मोजलं. छान. पण लॅक्टिक ॲसिड बनवणारा कुठलाही जिवाणू एमआरएसमध्ये रात्रभर वाढला की सुपरनेटंट आंबट होतो, पीएच ४ च्या आसपास जातो. वर्तुळ ॲसिडने पडलं की तुमच्या स्ट्रेनच्या काही खास गुणामुळे? पीएच ६.५ ला आणलेला सुपरनेटंट कंट्रोल म्हणून कुठे दिसत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड वगळण्यासाठी कॅटलेज हे एन्झाइम घातलेला नमुनाही नाही. या दोन कंट्रोलशिवाय 'आमचा स्ट्रेन विशेष आहे' हे वाक्य कागदावर टिकत नाही, आणि सुनावणीत मायक्रोबायॉलॉजी शिकलेला कंट्रोलर समोर असला तर पहिला प्रश्न हाच येईल. हा प्रयोग आज करून प्रतिज्ञापत्रासोबत जोडता येतो. फक्त लक्षात ठेवा, नंतरचा डेटा स्पेसिफिकेशनमध्ये आधीच सांगितलेल्या परिणामाला आधार देऊ शकतो. तिथे ज्याचा पत्ताच नाही असा परिणाम त्यातून उभा करायला गेलात, तर कंट्रोलर तो बाजूला ठेवेल.

याहून मोठी विसंगती क्रीममध्ये आहे. क्लेम २ म्हणतो 'जिवंत स्ट्रेन असलेलं कॉम्पोझिशन, प्रति ग्रॅम दहाचा सातवा घात सीएफयू' (वाढू शकणाऱ्या जिवंत जिवाणूंची मोजणी). उदाहरण ५ मध्ये मात्र उष्णतेने मारलेल्या पेशींचा लायसेट (पेशी फोडून मिळालेला अर्क) क्रीममध्ये घातला आहे. म्हणजे क्लेम एका गोष्टीचा आणि डेटा दुसऱ्याच गोष्टीचा. हे का झालं असावं याचा अंदाज करता येतो. क्रीममध्ये पाणी आहे, पाण्याला प्रिझर्व्हेटिव्ह हवं, आणि प्रिझर्व्हेटिव्ह तुमच्या जिवाणूलाही सोडत नाही. शिवाय आयएसओ १७५१६ प्रमाणे साध्या कॉस्मेटिकमध्ये प्रति ग्रॅम १००० सीएफयूपेक्षा जास्त सूक्ष्मजीव नसावेत, आणि डोळ्यांच्या भोवती किंवा तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ही मर्यादा १०० आहे. एवढ्या जिवंत जिवाणूंचं क्रीम कसं टिकवायचं हे स्पेसिफिकेशनमध्ये कुठेच नाही. बाजारातली बरीचशी 'प्रोबायोटिक' सौंदर्य उत्पादनं लायसेट किंवा फर्मेंट फिल्ट्रेटवर चालतात, त्याचं एक मोठं कारण हेच. (२००१ च्या एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या व्याख्येत प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू. पण लेबलवाल्यांना ते कोण सांगणार?)

म्हणून क्लेम २ लायसेटवर आणा. ते तुमच्या फायद्याचंही आहे. निसर्गातला जिवाणू जसाच्या तसा मागितला की ३(सी) मागे लागतं. उष्णतेने निष्क्रिय करून, पेशी फोडून, ठरावीक प्रमाणात, ठरावीक बेसमध्ये बसवलेला लायसेट हा तुम्ही बनवलेला पदार्थ आहे. तिथे ३(सी) ची पकड बरीच सैल होते आणि चर्चा ३(ई) कडे सरकते. लायसेट वर्णनात आहे पण 'कॉम्पोझिशन'च्या मूळ क्लेममध्ये बसतो का, हे आधी एजंटसोबत नीट बघा. कलम ५९ बद्दल पुढे लिहिलं आहे.

३(ई) म्हणजे नुसतं मिश्रण. घटकांच्या गुणांची बेरीज झाली एवढ्याने पेटंट मिळत नाही. तुमच्या क्रीममध्ये लायसेट, इन्युलिन आणि नायसिनामाइड आहेत. नायसिनामाइड त्वचेसाठी चांगलं हे जगाला माहीत आहे, त्यामुळे तक्ता असा हवा: लायसेट एकटा, नायसिनामाइड एकटं, दोन्ही मिळून, आणि नुसता बेस. आकड्यांची बेरीज करून 'सिनर्जी' म्हणू नका. १९६७ मध्ये कोल्बीने तणनाशकांच्या मिश्रणांसाठी दिलेलं सूत्र इथेही वापरतात. समजा लायसेट एकटा २० टक्के परिणाम दाखवतो आणि नायसिनामाइड एकटं १५ टक्के. तर अपेक्षित परिणाम २० अधिक १५ वजा त्यांच्या गुणाकाराचा शंभरावा भाग, म्हणजे ३२ टक्के. मिश्रणाने ३४ दाखवले तर ते सांख्यिकी चुकीच्या मर्यादेत हरवतं. ५० दाखवले तर बोलायला जागा आहे. हा तक्ता स्पेसिफिकेशनमध्ये असेल तर तुमचा क्लेम याच गुणोत्तरावर बांधा, उगाच रुंद ठेवू नका. ०.१ ते ९० टक्के अशी रुंदी ठेवली, तर जिथे सिनर्जी नाही असा मोठा भाग तुम्हीच क्लेममध्ये ओढून घेता.

सुधारलेला क्लेम साधारण असा दिसावा: 'त्वचेवर लावून ठेवण्याचं कॉम्पोझिशन, ज्यात डिपॉझिट क्रमांक अमुक असलेल्या स्ट्रेनचा उष्णतेने निष्क्रिय केलेला लायसेट वजनाने १ ते २ टक्के, नायसिनामाइड ३ ते ४ टक्के आणि तेल-पाण्याचा इमल्शन बेस आहे.' आकडे तुमच्या तक्त्यातूनच घ्या, माझे उचलू नका.

३(आय) बद्दल फार लिहीत नाही. क्लेम ७ मुरुमांच्या उपचाराचा आहे, मुरुम हा आजार आहे, आणि उपचार पद्धतीला आपल्याकडे पेटंट नाही. युरोपात निव्वळ सौंदर्यासाठीची पद्धत चालते. आपल्या कलमात मात्र 'किंवा अन्य उपचार' हे शब्द आहेत, त्यामुळे घामाच्या वासाची पद्धत म्हणूनही सुटका होईलच असं नाही. पेटंट कार्यालयाच्या मॅन्युअलमध्ये दातांवरचा प्लाक काढण्याची पद्धतसुद्धा उपचार म्हणून उदाहरणादाखल दिली आहे. क्लेम ८ तर काढूनच टाका. 'वापर' हे ना उत्पादन ना प्रक्रिया, आणि कायद्याच्या व्याख्येत फक्त तेवढंच बसतं.

एक सूचना उपचाराच्या शब्दांबद्दल. स्पेसिफिकेशन १८ महिन्यांनी सार्वजनिक होतं. त्यात 'मुरुम बरे करतो' लिहिलं आणि डब्यावर 'कॉस्मेटिक' छापलं, तर एफडीएचा निरीक्षक दोन्ही कागद शेजारी ठेवू शकतो. १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्यात कॉस्मेटिक म्हणजे स्वच्छता, सौंदर्य, रूप बदलणं. आजार बरा करणं त्यात नाही. पुढच्या अर्जात तरी 'मुरुम-प्रवण त्वचेचं रूप सुधारणं' असं लिहा.

३(पी) म्हणजे पारंपरिक ज्ञान. आजी केसांना ताक लावायची, तोंडाला दही चोळायची, आणि हे टीकेडीएलमध्येही (पारंपरिक ज्ञानाचा सरकारी डिजिटल संग्रह) आहे. यावर भांडायचं कारण नाही. दही लावणं वेगळं आणि एका ओळखलेल्या स्ट्रेनचा ठरावीक टक्के लायसेट दुसऱ्या सक्रिय घटकासोबत देऊन मोजता येणारा जास्त परिणाम दाखवणं वेगळं. दोन परिच्छेदांत हे मांडा आणि वरच्या तक्त्याकडे बोट दाखवा. क्लेम १ अर्जात राहिला तर हेच उत्तर लंगडं पडतं, कारण तो जिवाणू दह्यातच असतो. तो सोडण्याचं हे आणखी एक कारण.

एनबीएचं काम उत्तराच्या आधी सुरू करा. जैविक विविधता कायदा २००२ मध्ये २०२३ ला दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आता भारतीय व्यक्ती आणि कंपन्यांनी पेटंट मंजूर होण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करायची, आणि पूर्वपरवानगी व्यावसायिक वापराच्या वेळी घ्यायची. तुमच्या कंपनीवर परकीय नियंत्रण असेल तर पेटंट मंजूर होण्याआधीच परवानगी लागते. गुंतवणूकदाराचं भांडवल कुठून आलं हे सीएला विचारून घ्या, ही बाब अंदाजाने भरू नका. 'दही हा मूल्यवर्धित पदार्थ आहे, म्हणून कायदा लागत नाही' असा युक्तिवाद मी ऐकला आहे. तुम्ही दह्यावर नाही, त्यातल्या जिवाणूवर अर्ज केला आहे, आणि सूक्ष्मजीव व्याख्येत नावानिशी आहेत. स्रोत आणि भौगोलिक उगम स्पेसिफिकेशनमध्ये लिहिणं कलम १०(४) प्रमाणे बंधनकारक आहे. 'महाराष्ट्र' एवढ्यावर थांबू नका, तालुका आणि जिल्हा लिहा. उगम लपवला किंवा चुकीचा दिला, तर कलम २५ खाली तो विरोधाचा स्वतंत्र मुद्दा होतो.

क्लेम बदलताना कलम ५९ ची मर्यादा पाळा. नवा क्लेम जुन्या क्लेमच्या आत बसला पाहिजे. कॉम्पोझिशन अरुंद करणं त्यात बसतं. पद्धतीवरून उत्पादनाकडे जाण्याला दिल्ली उच्च न्यायालयाने अॅलर्गन प्रकरणात (२०२३) परवानगी दिली होती, आणि प्रक्रियेने वर्णन केलेल्या उत्पादनावरून प्रक्रियेकडे जाण्याला निप्पॉन ए अँड एल प्रकरणात (२०२२). लायसेटच्या बाबतीत तुमचा मूळ क्लेम 'जिवंत' शब्दावर किती घट्ट बांधला आहे, यावर सगळं अवलंबून आहे. क्लेम ३ ते ६ मध्ये कुठेही 'निष्क्रिय केलेला' असेल, तर त्याच्या आधाराने लिहा. नसेल तर लायसेटसाठी कलम १६ खाली विभाजित अर्जाचा (मूळ अर्जातून वेगळा काढलेला अर्ज) विचार करा. तो मूळ अर्ज मंजूर होण्याआधीच करावा लागतो.

एफईआरच्या तारखेपासून उत्तराला सहा महिने आहेत, फॉर्म ४ भरून आणखी तीन मिळतात. पीएच ६.५ च्या कंट्रोलला आणि चार खान्यांच्या तक्त्याला प्रयोगशाळेत महिना-दीड महिना लागेल, एनबीएला त्याहून जास्त. आधी बीपी/४ वरची तारीख कळवा. ती अर्जाच्या तारखेनंतरची निघाली, तर वरचं क्लेमबद्दलचं सगळं बाजूला ठेवून आपण स्ट्रेनवर न टेकणाऱ्या कॉम्पोझिशनबद्दल बोलू, पण मग डी१ समोर फारसं काही उरत नाही हेही आत्ताच सांगून ठेवतो.